ऊहगान : सामगायनांतील मनुष्यकृत भाग

जुन्या वैदिक घराण्यांतून बाहेर पडणाऱ्या रुमालांत सामवेदाची पोथी क्वचितच सांपडते. महाराष्ट्रांत शाकल ऋग्वेदी, तैत्तिरीय व माध्यंदिन यांची वस्ती मोठी. सामवेदी घरें त्यामानानें मोजकीं. त्यामुळें अशी पोथी हातीं आली म्हणजे संग्राहक तिच्यावर 'सामवेद' एवढेंच लिहून ती वेदांच्या बासनांत ठेवून देतो, आणि यादी करणाराहि पुष्कळदां तेंच नांव उतरून घेतो. वस्तुतः या एका नांवाखालीं दोन निरनिराळ्या जातींचे ग्रंथ येतात. एक आर्चिक, म्हणजे ज्या ऋचांवर सामें गावयाचीं त्या ऋचांचा संग्रह. दुसरें गान, म्हणजे तींच सामें गावयाच्या रूपांत, ओढलेल्या, फोडलेल्या व बाहेरून भर घातलेल्या अक्षरांसह लिहिलेलीं. गानाचे पुन्हां चार भाग : ग्रामगेय, आरण्यक, ऊह आणि ऊह्य. ऊह्यास रहस्यगान असेंहि म्हणतात. यांपैकीं शेवटल्या दोहोंची प्रतिष्ठा सर्वांत कमी. पहिलीं दोन मूळ, हीं दोन त्यांवरून उतरलेलीं. मग यांत नवें तें काय, असा हा हिशेब आहे. प्रस्तुत लेखांत याच्या उलट म्हणणें मांडावयाचें आहे. सामगायनाचा इतिहास ज्याला पाहावयाचा असेल त्यानें आधीं ऊहाचीच पोथी उघडावी. कारण गाणारा मनुष्य आपल्याला तेथें दिसतो.

कौथुम शाखेच्या प्रचलित गणनेप्रमाणें आर्चिकांत १८७५ ऋचा आहेत, आणि त्यांपैकीं ७५ च्या सुमारास सोडल्या तर बाकीच्या सर्व ऋग्वेदांत आढळतात. म्हणजे शब्दांपुरतें पाहिलें तर सामवेदाचें स्वतःचें असें फारच थोडें. मुंबई इलाख्यांतील स्कॉटिश पाद्री जॉन स्टीव्हन्सन, जे मराठी व्याकरणकार म्हणून आपल्याकडे परिचित आहेत, त्यांनीं १८४२ सालीं सामसंहितेचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. पुढें १८४८ सालीं थिओडोर बेन्फे यांनीं लाइप्झिग येथें संहिता, जर्मन भाषांतर व शब्दकोश छापला. हीं दोन्ही भाषांतरें आर्चिकाचीं आहेत, आणि तसें होणें अपरिहार्यच होतें. गानाचें भाषांतर करूं म्हटलें तर करावयाचें कशाचें? गानें मोठ्या प्रमाणावर छापून निघालीं तीं सत्यव्रत सामश्रमी यांनीं कलकत्त्यास १८७४ ते १८७८ या काळांत पांच खंडांत काढलेल्या आवृत्तीमुळें. जैमिनीनें तर आपल्या सूत्रांच्या दुसऱ्या अध्यायांत स्पष्टच सांगितलें आहे कीं साम ही संज्ञा गीतीची आहे, ऋचेची नव्हे.

ऋचा गीतींत शिरली म्हणजे तिचें काय होतें हें पाहण्यासारखें आहे. 'अग्ने' या शब्दाचें 'ओग्नायि' होतें. 'वीतये' याचे तुकडे पडून 'वोयि तोयायि' असें कांहीं तरी ऐकूं येतें. एका शब्दाच्या मधोमध विराम घेऊन त्याचा शेवट पुढल्या शब्दाला जोडला जातो. शास्त्रकारांनीं यांस विकार, विश्लेषण, विकर्षण, अभ्यास व विराम अशीं नांवें दिलीं असून सहावा प्रकार स्तोभ हा आहे. स्तोभ म्हणजे ऋचेंत मुळींच नसलेलीं अक्षरें : हाउ, होइ, औहोवा, इत्यादि. शाखाभेदानें यांचाहि उच्चार बदलतो; कौथुम जेथें 'हाउ' म्हणतात तेथें राणायनीय 'हावु' म्हणतात. नवव्या अध्यायांत जैमिनीनें स्तोभाचें लक्षण केलें तेंहि मोठें मार्मिक आहे : ऋचेहून जें अधिक आणि ऋचेच्या वर्णांहून जें वेगळें तें. अर्थाचा प्रश्न त्यानें लक्षणांत आणलाच नाहीं.

अर्थावांचून अक्षरें म्हणावयाचीं ही गोष्ट सामगांच्या स्वतःच्या मनाला बोचत असावी असें दिसतें. छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायांत तेरा स्तोभांची यादी देऊन एकेकाला एकेक अर्थ लावून दिला आहे : हाउ म्हणजे हा लोक, हाइ म्हणजे वायु, ईकार अग्नि, ऊकार आदित्य. बारा झाल्यावर तेरावा, हुंकार, मात्र अनिरुक्त, म्हणजे सांगतां न येण्याजोगा, म्हणून सोडून दिला आहे. याच्या लगतच्या मागच्या खंडांत कुत्र्यांचा उद्गीथ आहे. बहिष्पवमान स्तोत्राच्या वेळीं ऋत्विज् एकामागून एक, पुढच्याच्या वस्त्राला धरून, वांकून सरपटत जातात. त्याचप्रमाणें हे कुत्रे एकमेकांस धरून सरकत आले, बसले आणि हिंकार करून अन्न मागूं लागले, अशी ती कथा. भाष्यकार म्हणतात कीं हे श्वानरूप धारण केलेले ऋषि किंवा देवता. अलीकडचे पंडित म्हणतात ही ऋत्विजांची थट्टा. आम्हांस एवढेंच दिसतें कीं ज्यानें हें रचलें त्यानें बहिष्पवमान पुष्कळ वेळां व अगदीं जवळून पाहिलेला होता.

आतां हीं सामें लागत कोठें तें पाहूं. साध्या अग्निष्टोमांत बारा स्तोत्रें असतात. प्रत्येक स्तोत्र तिघे मिळून गातात : प्रस्तोता प्रस्ताव म्हणतो, उद्गाता उद्गीथ, प्रतिहर्ता प्रतिहार, पुन्हां उद्गाता उपद्रव, आणि निधन तिघे एकदम. स्तोत्राला स्तोम ठरलेला असतो. पहिल्या स्तोत्राचा नऊ, चार आज्यस्तोत्रांचा व माध्यंदिन पवमानाचा पंधरा, चार पृष्ठस्तोत्रांचा व आर्भव पवमानाचा सतरा, शेवटल्या यज्ञायज्ञीयाचा एकवीस. सर्व मिळून १९० वेळां ऋचा गाइली जाते. ही मोजणी तोंडानें गातांना चुकूं नये म्हणून उदुंबराच्या वीतभर काड्या वस्त्रावर मांडून ठेवीत जातात, आणि त्या मांडण्याच्या निरनिराळ्या रीतींस विष्टुति म्हणतात. हें सर्व ग्रंथांत वाचून समजणें कठीण. पुणें कॉलेजांत संस्कृताचे अधीक्षक असलेले मार्टिन हाउग यांनीं १८६३ सालीं ऐतरेय ब्राह्मण छापलें. तत्पूर्वीं त्यांनीं एका श्रौत्याकडून या क्रिया पांच दिवस प्रत्यक्ष करवून पाहिल्या होत्या, आणि त्या पाहिल्यावांचून ब्राह्मणग्रंथ उलगडला नसता असा त्यांचा अभिप्राय होता.

येथेंच ऊहाची गरज उत्पन्न होते. ग्रामगेयांत व आरण्यकांत प्रत्येक साम एका ऋचेवर शिकविलेलें असतें; त्या ऋचेस योनि म्हणतात. यज्ञांत मात्र स्तोत्र बहुधा तीन ऋचांवर गावयाचें असतें. उत्तरार्चिकांत या तीन तीन ऋचा एकत्र दिलेल्या आहेत. पहिलीची चाल ठाऊक आहे. तीच चाल दुसरीवर व तिसरीवर बसवावयाची. बसवितांना अडचणी येतात. योनीच्या जेथें दीर्घ स्वर तेथें दुसऱ्या ऋचेंत ऱ्हस्व. जेथें शब्द संपे तेथें आतां शब्दाचा मध्य. कधीं तर तीन ऋचाच नसतात, दोनच असतात. रथंतराची योनि बृहती छंदांतली व तिच्या जोडीची सतोबृहती. तेव्हां पादांची पुनरुक्ति करून या दोहोंच्या तीन करावयाच्या, आणि मग त्या तिन्हींवर चाल न्यावयाची. हें काम करून ठेवलेला जो ग्रंथ तो ऊह. ग्रामगेयांतील सामांचा विनियोग ऊहांत, आरण्यकांतील सामांचा ऊह्यांत. म्हणून वामदेव्याचा यज्ञांतला पाठ पाहिजे असल्यास ऊह उघडावा, रथंतराचा पाहिजे असल्यास ऊह्य.

मीमांसकांस हा ग्रंथ समोर दिसत होता व त्याचें काय करावें हा प्रश्न पडला. नवव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांत, व माधवाचार्यांच्या न्यायमालेंत, त्याचा विचार आहे. पूर्वपक्ष असा : ऊहगानहि इतर गानांप्रमाणेंच गुरुमुखांतून शिकतात, त्याचेहि अनध्याय पाळतात, त्याचा कर्ता कोणास आठवत नाहीं; तेव्हां तें अपौरुषेय. सिद्धांत याच्या उलट आहे. योनीवर जें गातों तें उत्तरांवर गावें असा विधि वेदांत आहे. उत्तरांवरचें गान वेदानेंच तयार करून दिलेलें असतें तर या विधीला कांहीं कामच उरलें नसतें. विधि सार्थ व्हावयाचा तर तें गान मनुष्यानें बुद्धीनें जुळविलेलें असलें पाहिजे. 'ऊह' या शब्दाचा अर्थहि तोच. सबब ऊहग्रंथ पौरुषेय. ज्या शास्त्राचें सर्व बळ वेद अपौरुषेय ठरविण्यांत खर्च झालें, त्याच शास्त्रानें सामगांच्या नित्य पाठांतला सर्वांत यज्ञोपयोगी ग्रंथ मनुष्यकृत म्हणून मोकळेपणें लिहून द्यावा, ही गोष्ट सामान्य नव्हे. इतिहासाच्या अभ्यासकांनीं तिचा जितका उपयोग करावयास पाहिजे होता तितका केलेला नाहीं.

हा निर्णय नुसता तार्किक नाहीं. त्याच पादांत पुढें असा बारीक विचार आहे कीं योनींत ज्या ठिकाणीं तालव्य स्वराचा 'आइ' झाला, त्याच ठिकाणीं उत्तरेंत दुसराच स्वर आला तर तेथेंहि 'आइ' करावा काय? उत्तर असें कीं तसें करूं नये. उत्तरेंत जेथें तालव्य स्वर वृद्धि पावेल तेथें तो करावा. हा वाद ज्याला प्रत्यक्ष चाल बसवावी लागते अशाच मनुष्याच्या मनांत उद्भवणारा आहे.

मीमांसकांचें म्हणणें दोन शाखांच्या गानांतील सामांच्या संख्यांवरून पडताळून पाहतां येतें. कौथुमांच्या ग्रामगेयांत ११९७ सामें, जैमिनीयांच्या १२३२. आरण्यकांत कौथुम २९४, जैमिनीय २९१. येथपर्यंत दोन्ही शाखा जवळजवळ सारख्या चालतात. ऊहाशीं आलों कीं कौथुम १०२६ आणि जैमिनीय १८०२. ऊह्यांत कौथुम २०५ आणि जैमिनीय ३५६. एकूण बेरीज कौथुमांची २७२२, जैमिनीयांची ३६८१. आणि या ९५९ च्या फरकापैकीं ९२७ एकट्या ऊह-ऊह्यांतून आलेला आहे. मोजण्याच्या रीतीमुळें कांहीं अंतर पडूं शकेल हें आम्ही जाणतों. परंतु रीतीचाच प्रश्न असता तर पहिल्या दोन भागांतहि तो दिसावयास पाहिजे होता. तात्पर्य, योनिगानें शाखा फुटण्यापूर्वींचीं किंवा निदान दोहोंस समान अशा ठेव्यांतलीं, आणि ऊह हा ज्या त्या शाखेनें आपापल्या यज्ञकर्माप्रमाणें वाढविलेला. पतंजलीनें सामवेदाच्या सहस्र वाटा सांगितल्या. त्यांतल्या कौथुम, राणायनीय व जैमिनीय एवढ्याच आज उरल्या आहेत. बाकीच्यांचा ऊह किती विस्ताराचा होता हें कळण्यास आतां मार्ग नाहीं.

ऊह मनुष्यकृत म्हणून तो मनास येईल तसा केलेला, असें मात्र समजूं नये. योनिगानांवरून ऊह कसा तयार करावा हें सांगणारें पुष्पसूत्र आहे. रिचर्ड सिमोन यांनीं तें १९०९ सालीं जर्मन भाषांतरासह छापलें. त्यांत स्वर कोठें बदलतो, कोठें तसाच राहतो, कोणत्या सामांत कोणता अपवाद, याच्या संकेतमय याद्या आहेत. व्याकरणाची सवय असलेल्या वाचकासहि हें सूत्र प्रथम दगडासारखें लागतें. कारण उघड आहे. सूत्रकार ज्याच्याशीं बोलतो त्याच्या कानांत चाल आधींच आहे. सूत्रानें त्याला फक्त आठवण करून द्यावयाची आहे.

पोथींतील अंकांचीहि तीच गोष्ट. कौथुम गानाच्या नागरी पोथींत अक्षरांच्या माथ्यावर १ पासून अंक असतात. ते प्रथम, द्वितीय, तृतीय, चतुर्थ, मंद्र, अतिस्वार्य या उतरत्या स्वरांचे, आणि क्रुष्ट हा त्या सर्वांच्या वरचा. (आर्चिकावरहि १, २, ३ हे अंक असतात, पण ते उदात्त, स्वरित, अनुदात्त यांचे. दोहोंची गल्लत करूं नये.) नारदीय शिक्षेंत सामाचा प्रथम स्वर म्हणजे वेणूचा मध्यम, द्वितीय म्हणजे गांधार, मग ऋषभ, षड्ज, असें सरळ उतरत आणून पुढें मात्र धैवत, निषाद, पंचम असा क्रम दिला आहे. निषादाच्या आधीं धैवत कां, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. संगीताच्या जाणत्यांनीं तो वाद चालवावा. त्याच शिक्षेंत हेच स्वर हाताच्या बोटांवर अंगठ्यानें दाखविण्याची रीत, गात्रवीणा, सांगितली आहे : क्रुष्ट अंगठ्याच्या अग्रावर, प्रथम अंगठ्यावर, मग तर्जनी, मध्यमा, अनामिका, कनिष्ठिका, आणि शेवटचा कनिष्ठिकेच्या मुळाशीं. दक्षिणेकडील ग्रंथलिपींतल्या पोथ्यांत अंकांच्या ऐवजीं अक्षरें घातलेलीं असतात, आणि तेथें एका अक्षराचा अर्थ एक स्वर नसून स्वरांची एक संबंध लकेर असतो. अक्षरावरून लकेर कळावयाची ती गुरूकडूनच.

म्हणूनच एकच ग्रामगेय मानणारे गुजरातचे व तामिळ देशांतले कौथुम गाऊं लागले म्हणजे ऐकणाऱ्यास दोन निराळीं गायनें वाटतात. फेलिक्स एक्सनर यांनीं १९०४-०५ सालीं व्हिएन्नाच्या संग्रहासाठीं यंत्रावर उतरून घेतलेल्या ध्वनींवरून एर्विन फेल्बर यांनीं १९१२ सालीं ग्रंथ लिहिला. वेन हॉवर्ड यांचा सामगायनावरील मोठा ग्रंथ १९७७ सालचा आहे. १९७५ च्या एप्रिलमध्यें केरळांत पांजाळ येथें नंबुद्री ब्राह्मणांनीं केलेल्या अग्निचयनांत जैमिनीय सामें गाइलीं गेलीं व तीं ध्वनिमुद्रित झालीं. फ्रिट्स स्टाल यांनीं त्यावरून १९८३ सालीं दोन खंडांचा ग्रंथ काढला, आणि स्तोभांसारख्या अक्षरांस अर्थ शोधूंच नये, विधींत त्यांचें स्थान व त्यांची रचना हेंच त्यांचें सर्वस्व, असें प्रतिपादन केलें. छांदोग्याचा तेरावा स्तोभ पाहतां हें मत आपल्याकडे अगदींच अपरिचित होतें असें म्हणवत नाहीं.

मात्र सामगायन हा केवळ रचनेचा खेळ होता असेंहि कोणी समजूं नये. आरण्यकगानांतील सामें गांवांत शिकवीत नसत. त्यांस भीत असत. पंचविंश ब्राह्मण सांगतें कीं रथंतर गातांना उद्गात्यानें डोळे मिटावे, नाहीं तर दृष्टि जाईल. आणि त्यांतील ऋचेचीं अक्षरें तो उघडपणें न उच्चारतां भकारांनीं झांकून गातो. महानाम्नी ऋचांसाठीं गोभिलगृह्यसूत्रांत जें व्रत आहे तें बारा, नऊ, सहा, तीन किंवा निदान एक वर्षाचें. ब्रह्मचाऱ्यानें काळें वस्त्र नेसावें, काळें अन्न खावें, दिवसा उभें राहावें, रात्रीं बसावें, पाऊस आला तर आडोशाला जाऊं नये. पर्जन्याशीं या शाक्वर सामाचा संबंध उघड आहे. तेथेंच असें एक वचन उद्धृत केलें आहे कीं आया मुलांना पाजतांना म्हणत, बाळांनो, शाक्वरीचें व्रत पार पाडणारे व्हा. ज्या सामांभोंवतीं एवढें भय व एवढी अपेक्षा होती, त्यांच्याच चाली नव्या ऋचांवर नेऊन बसविण्याचें धाडस ऊह्यगान करणाऱ्यांनीं केलें. आणि ऊह्यास रहस्य हें नांव राहिलें तें या भयामुळें, असें आमचें अनुमान आहे.

छापील ग्रंथांची स्थिति बरी आहे. औंधच्या स्वाध्याय मंडळानें १९४२ सालीं नारायणस्वामी दीक्षित यांनीं संपादिलेलें कौथुम ग्रामगेय प्रसिद्ध केलें, आणि ऊह-ऊह्य रामनाथ दीक्षित यांच्या संपादनानें १९६७ सालीं काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांतून निघालें. छापील प्रत आहे म्हणून हस्तलिखिताचें काम संपलें, असा समज विशेषतः ऊहाच्या बाबतींत घातक आहे. योनिगानांत पाठभेद आढळला तर तो बहुधा लेखकाचा प्रमाद. ऊहांतला पाठभेद मात्र एखाद्या सामगानें निराळ्या रीतीनें चाल बसविल्याचा पुरावा असूं शकतो, आणि मीमांसेच्या निर्णयाप्रमाणें त्याला तसें करण्याचा अधिकारहि होता. छापील पाठाशीं जुळत नाहीं म्हणून अशी पोथी अशुद्ध ठरवून बाजूला टाकणें म्हणजे पुरावाच टाकणें होय.

तेव्हां सामवेदाची पोथी हातीं आल्यास यादींत पुढील गोष्टी पाहून लिहाव्या. अक्षरें ओढलेलीं व 'औहोवा' सारखीं भर घातलेलीं नसतील तर तें आर्चिक. असतील, आणि पर्वांचीं नांवें आग्नेय, ऐंद्र, पावमान अशीं आलीं, तर ग्रामगेय. अर्क, द्वंद्व, व्रत, शुक्रिय अशीं आलीं तर आरण्यक. दशरात्र, संवत्सर, एकाह, अहीन, सत्र, प्रायश्चित्त, क्षुद्र हीं यज्ञांच्या क्रमानें सात पर्वें आलीं तर ती ऊहाच्या वर्गांतली. मग पहिलें साम कोणतें तें पाहून ऊह कीं ऊह्य तें ठरवावें. आरंभीं रथंतर असल्यास ऊह्य समजण्यास हरकत नाहीं. 'हाउ' कीं 'हावु' यावरून शाखेचा अंदाज करावा. अंक काळ्या शाईचे कीं तांबड्या, मूळ लेखकाच्या हातचे कीं मागाहून दुसऱ्यानें घातलेले, हें अवश्य नोंदावें. कारण अंक मागाहून घातलेले असतील तर ती पोथी कोणीतरी समोर ठेवून गाइला होता. पुष्पिकेंतला शक, गांव व लेखक उतरून घ्यावा. आणि त्या घराण्यांत एखादें साम म्हणूं शकणारा वृद्ध हयात असेल तर पोथी बांधून ठेवण्यापूर्वीं त्याच्याकडून तें त्या पानावर बोट ठेवून म्हणवून घ्यावें व ध्वनिमुद्रित करून पोथीच्या क्रमांकाखालींच ठेवावें.